काउंटरखालचे स्केट्स

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या त्या बाईंना लोक आत्याबाई म्हणू लागले, ते एका म्हणीपायी. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण म्हणतो. यांच्या बाबतीत मिशांचीही गरज पडली नाही. बर्फावरच्या हॉकीच्या एका सामन्यात डोक्याला हेल्मेट, तोंडावर जाळी आणि खांद्यावर उशांएवढे पॅड चढवून त्या उभ्या होत्या, तेव्हा पंच म्हणाला, "काका, जरा मागे सरा." संघाची कप्तान म्हणजे त्यांची सख्खी भाची. ती म्हणाली, "काका नाही हो, आत्या आहे माझी." झालं. चाळिशीपुढच्या बायकांच्या त्या अख्ख्या संघाला आत्या मिळाली.

वय सत्तावन्न, उंची बेताची, कमरेचा घेर विचारू नये. भाची शाळेत असताना तिला सरावाला सोडायला त्या जायच्या. बाहेरच्या बाकावर बसून दोन तास गारठण्यापेक्षा आत जाऊन पडलेलं काय वाईट, असा विचार करून एक दिवस आत गेल्या, पडल्या, आणि मग सत्तावीस वर्षं बाहेरच आल्या नाहीत.

त्यांचे जुने स्केट्स एकोणीस वर्षांचे होते. कातडं इतकं मऊ झालेलं की पाय घालताना सपाता घातल्यासारखं वाटे. पण मागच्या महिन्यात ऐन खेळात डावं पातं बुटापासून सुटलं आणि एकटंच गोलाच्या दिशेने निघून गेलं. आत्याबाई उलट्या दिशेने गेल्या. नवे घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दुकानदाराने नवे स्केट्स छोट्याशा भट्टीत गरम करून पायात चढवले आणि पाव तास न हलता बसायला लावलं. तो पाव तास सासरच्या पहिल्या दिवसासारखा गेला, सगळं ऊबदार आणि मऊ. मग बूट गार झाले आणि त्यांचा खरा स्वभाव दिसला. डाव्या करंगळीला चिमटा, उजव्या घोट्याला टोचणी आणि दोन्ही टाचांना काच.

"हे असेच राहणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"रोज दोन तास घालून बसा," दुकानदार म्हणाला. "पात्यांवर ही रबरी म्यानं चढवा, म्हणजे थोडं चालताही येईल. लगेच खेळायला मात्र जाऊ नका. बूट पायाला शरण आला पाहिजे, पाय बुटाला नाही."

सामना बारा दिवसांवर होता.

घरी घालून बसावं, तर घरात नवरा. नवरा म्हणजे सुतार, कामातून नुकता मोकळा झालेला. मोकळं झाल्यावर पहिलं काम त्याने काय केलं असेल, तर बैठकीच्या खोलीत स्वतःच्या हाताने लाकडी जमीन घातली आणि तिला तीन वेळा तेल पाजलं. तिच्यावरून तो स्वतःसुद्धा मोजे घालून चालायचा. आत्याबाईंनी पिशवीतून स्केट्स काढलेले पाहून तो दारातच उभा राहिला.

"या जमिनीवर पातं टेकलं, तर मी माहेरी जाईन."

"अहो, तुमचं माहेर हेच आहे."

"मग तू जा."

"म्यान आहे की त्याला."

"म्यान तलवारीलाही असतं. म्हणून कुणी ती घरात घालून हिंडत नाही."

एकतीस वर्षांच्या संसारात कुठे हट्ट धरायचा आणि कुठे वळसा घालायचा, हे आत्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डब्याच्या पिशवीशेजारी दुसरी एक पिशवी घेतली आणि कचेरी गाठली.

त्यांचं काउंटर जुन्या धाटणीचं, पुढून जमिनीपर्यंत फळ्या मारलेलं. खिडकीतून बाईंचं दिसायचं ते कमरेच्या वरचं. कमरेखाली काय चाललंय याची विचारपूस तीस वर्षांत कुणी केली नव्हती. त्यांनी नाड्या आवळल्या, म्यानं चढवली आणि कामाला लागल्या. शेजारच्या खिडकीत दाखल्यांवर शिक्के मारणारे वयस्कर गृहस्थ बसत. त्यांना सगळे शिक्केवाले म्हणत. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि शिक्का मारला.

"चावतायत?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"लचके तोडतायत," आत्याबाई दात आवळून म्हणाल्या.

त्या पहिल्याच दिवशी वडिलांच्या मृत्यूचा दाखला न्यायला एक माणूस आला. तो अर्ज देत असतानाच करंगळीतून अशी कळ गेली की आत्याबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणूस हेलावला. "बाई, तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पिकलं पान होतं." आत्याबाईंनी मान हलवली. शिक्केवाल्यांना तेवढ्यात जोराचा खोकला आला.

अकरा वाजता साहेबांची फेरी असे. साहेब नवे होते, येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले. त्यांचा नियम असा, की फेरीला आले की सगळ्यांनी उभं राहायचं. साहेब अंगाने लहानखुरे, आणि ते त्यांना सलत असे. अख्ख्या कचेरीत त्यांच्याहून ठेंगणी व्यक्ती एकच, ती म्हणजे आत्याबाई. म्हणून बाकीच्या खिडक्यांवरून भर्रकन जाणारे साहेब त्यांच्या खिडकीशी मात्र थांबत, छाती काढत आणि हवापाण्याच्या दोन गोष्टी करत.

त्या दिवशीही थांबले. आत्याबाई नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या त्या राहतच गेल्या. बूट, पातं आणि म्यान मिळून चार बोटं उंची वाढली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांची नजर नेहमीच्या जागी गेली, तिथे त्यांना बाईंच्या गळ्यातली माळ दिसली. त्यांनी मान वर केली.

"आज... हवा बरी आहे," साहेब म्हणाले.

"वर जरा मोकळी आहे," आत्याबाई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर शिक्केवाल्यांनी बराच वेळ एकाच दाखल्यावर शिक्के मारले.

इथवर जे झालं ते चुकून झालं. पण आत्याबाईंना मुळात खोडी काढायचा नाद, आणि आयतं कुरण मिळालेलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी त्यांनी स्केट्स काढून ठेवले आणि साध्या चपलांवर उभ्या राहिल्या. साहेबांनी हुश्श केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा स्केट्स. चौथ्या दिवशी एकच स्केट घालून नुसत्या एका बाजूला उंच झाल्या. साहेब खिडकीच्या चौकटीवर बोटांनी काहीतरी माप घेत उभे राहिलेले शिक्केवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले. एवढी मजा चालली असताना पायाकडे कोण लक्ष देतो? टाचेला फोड आला, फुटला, त्याला पट्टी बसली आणि घोट्याची टोचणी कधी थांबली ते कळलंही नाही.

सहाव्या दिवशी साहेब नवे कोरे बूट घालून आले. चांगले तीन बोटं टाचेचे. ते टकटक करत आत्याबाईंच्या खिडकीशी आले. बाईंनी त्या दिवशी नेमक्या चपला घातल्या होत्या. साहेबांचा चेहरा सणासारखा उजळला.

"अगं बाई, आज साहेबांना वरची हवा लागतेय," आत्याबाई नंतर हळूच म्हणाल्या आणि मग त्यांना उगीच वाईट वाटलं. वाईट वाटलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

आठव्या दिवशी मात्र बाईंची पंचाईत झाली. एक जोडपं जुना जन्मदाखला मागायला आलं होतं आणि साहेब फेरीच्या नादात तिथेच रेंगाळले होते. "बाई, जुनी वही काढा की. मी थांबतो," ते म्हणाले. पायात स्केट्स, आणि वह्यांचं कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वीस पावलांवर. आत्याबाईंनी शिक्केवाल्यांकडे पाहिलं. शिक्केवाले छत बघत होते.

मग काय करणार? त्या निघाल्या. थप, थप, थप. सगळ्या खिडक्यांमधलं काम थांबलं. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरची वही, जिच्यासाठी एरवी स्टूल लागायचं, हात लांबवून सहज काढली आणि मोठ्या ऐटीत वळल्या. ऐट नडली. उजवं म्यान सटकून खाली पडलं आणि उघडं पातं फरशीवर अशा आवाजात घासलं की जोडप्यातल्या बाईने कान झाकले. आत्याबाई कपाटाला धरून उभ्या राहिल्या. वही मात्र सोडली नाही.

साहेब पात्याकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"स्केट्स आहेत, साहेब."

"कचेरीत?"

"घरी जमीन नवी आहे."

दुपारी मेमो आला. 'कार्यालयीन वेळेत धारदार पादत्राणे परिधान केल्याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करावा.' आत्याबाईंनी तीस वर्षांत हजारो अर्जांतल्या चुका काढल्या होत्या, त्यांना कागदाची भीती नव्हती. त्यांनी लिहिलं: 'नियमावलीत पादत्राणांच्या उंचीबाबत अगर धारेबाबत उल्लेख आढळून येत नाही. सदर पादत्राणे चावत असल्याने ती कार्यालयात घालणे भाग पडले. पुराव्यादाखल फोड आलेले आहेत, ते मागणी केल्यास समक्ष दाखविण्यात येतील.'

खुलासा द्यायला त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, तेव्हा साहेब खिडकीपासून टेबलाकडे येत होते. चार पावलंच, पण आत्याबाईंच्या नजरेतून काही सुटलं नाही. उजवा पाय पूर्ण टेकत नव्हता.

"साहेब, उजवी टाच ना?"

"काय?"

"मागच्या शिवणीपाशी. आधी नुसतं हुळहुळतं, मग आग होते."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "डावीसुद्धा," ते हळू आवाजात म्हणाले.

"बसा."

पुढची दहा मिनिटं त्या खोलीत पदाचा मान कुणी कुणाला दिला नाही. साहेबांनी बूट काढले, आत्याबाईंनी पर्समधून पट्ट्या काढल्या. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला, बुटाची मागची कड आतून बोटांनी मळून घ्या, पहिले काही दिवस बसून असतानाच घाला, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. साहेबांनी दोनदा "किती दिवस?" असं विचारलं. खुलाशाच्या कागदावर त्यांनी शेरा मारला: 'खुलासा समाधानकारक. यापुढे पाते झाकलेले असावे.'

सामन्याच्या दिवशी स्केट्स निम्मेशिम्मे शरण आले होते. टाच आणि घोटा ताब्यात होते, करंगळी अजून फितूर होती. पहिल्या डावात आत्याबाई नव्या धारेवर अशा पळाल्या की भाचीने तोंडात बोट घातलं. दुसऱ्या डावात करंगळीने पुन्हा डोकं वर काढलं. नाडी सैल करायला दोन मिनिटं हवी होती, आणि बदली खेळाडू त्या दिवशी एकही नव्हती. आत्याबाईंनी समोरून येणाऱ्या दणकट बाईच्या पायात अगदी हळुवारपणे काठी घातली. पंचाने शिट्टी वाजवली आणि त्यांना दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर धाडलं. त्या लगबगीने गेल्या, बसल्या आणि नाड्या सोडून पाय मोकळा केला. तसं सुख त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

एका माणसाने कमी असताना संघाने कसाबसा गोल वाचवला. सामना बरोबरीत सुटला. कपडे बदलताना भाची समोर येऊन बसली.

"आत्या, ती काठी मुद्दाम घातलीस ना?"

"तू बघितलंस?"

"सगळ्यांनी बघितलं."

"मग पंचाने बरोबर दिलं," आत्याबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या पायाची नाडी सोडू लागल्या.