बंद गोडाऊनमधून आलेली वॉर्निंग

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई. प्रत्येक एररला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते आपल्याच कोडमध्ये असतं, हे मला पक्कं ठाऊक. चकवा, अंगात येणं असले विषय निघाले की मी उठून जायचे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००३ ची गोष्ट. मी शिक्रापूरला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होते. आमच्या ऑफिसातला सर्व्हर आणि दौंडचं गोडाऊन यांच्यात निरोप पाठवायचं छोटं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. दौंडचा कॉम्प्युटर मोडेम लावून गोडाऊनच्या फोनलाइनवरून जोडलेला असायचा. जोडणी तुटली की आमच्याकडे वॉर्निंग उमटायची – ‘सॉकेट डिस्कनेक्ट’. दौंडला बसायचे कांबळेमामा. मूळचे वडगाव रासाईचे, रिटायरमेंटला आलेले. वॉर्निंग आली की मी फोन करायचे, आणि लाइनच खराब आहे, तुझा काही दोष नाही, असं मामाच मला समजवायचे.

एका गुरुवारी सकाळी साडेनऊला वॉर्निंग सुरू झाल्या. जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं... दर मिनिटाला. गुरुवारी दौंडच्या त्या भागात दिवसभर लाइट नसायची, म्हणून गोडाऊनला सुट्टी. मग जोडतंय कोण? मी टाइमआउट, म्हणजे सर्व्हरने उत्तराची वाट पाहायची मुदत, वाढवला, सर्व्हर रीस्टार्ट केला. फरक नाही. गोडाऊनला फोन लावला तर नुसती रिंग जात राहिली. मोडेम चालू असेल तर लाइन एंगेज लागायला हवी – हे तेव्हाच खटकलं.

कोणीतरी कुलूप फोडून मशीनशी खेळतंय, असं मला वाटलं. साहेबांना सांगून कंपनीची जीप घेतली. तळेगाव ढमढेरे, न्हावरे करत दौंडला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते.

कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. शटर अर्धं खाली. आत पोत्यांच्या थप्पीला टेकून मामा पडले होते. डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. राहिलेली कामं उरकायला सुट्टीच्या दिवशी एकटेच आले होते. मी आणि ड्रायव्हरने त्यांना उचलून जीपमध्ये घातलं आणि दवाखाना गाठला. अर्धांगवायूचा झटका होता.

मामा वाचले. उजवा हात तेवढा लुळा राहिला.

संध्याकाळी मी पुन्हा गोडाऊनवर गेले. लाइट सकाळी सहापासून गेलेली. यूपीएसची बॅटरी आठवडाभर आधीच दुरुस्तीला नेलेली. कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच... मी खुर्चीत बसून राहिले. शिक्रापूरच्या सर्व्हरवरच्या नोंदींत मात्र दौंडच्या नावाने शंभराच्या आसपास ओळी होत्या. नंतर मी तो कोड ओळ न् ओळ तपासला. तसं पुन्हा कधीच झालं नाही.

चार महिन्यांनी वडगावला मामांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते किती वाजता पडले, हेही विचारलं. नऊच्या पुढं, एवढंच त्यांना आठवत होतं. मग अडखळत म्हणाले, “भुताखेताचं नाव घेऊ नको पोरी. आम्ही बौद्ध माणसं, असलं मानत न्हाई. कारण असणारच. तुला घावलं न्हाई, एवढंच.”

“तुम्ही म्हणता तसंच असेल, मामा,” मी म्हणाले.

मलाही तेच वाटतं. पण अजून घावलेलं नाही.