आजेसासऱ्यांच्या मांडीवरचं करडू

जावयाने सासुरवाडीत शहाणपणा करू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. पण ऐकेल तो जावई कसला? मी केला, आणि तोही भर मोंढ्यात, दहा फुटी फ्लेक्सवर.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सासऱ्यांची आडत. त्यांची पंचाहत्तरी होती. त्यांचे वडील ते लहान असतानाच गेलेले, आणि वडलांचा एकुलता एक फोटो घरात. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, त्यावर फार जीव. तो मोठा करून आडतीवर लावायचं काम मी मागून घेतलं.

फोटो बघून मला कसंतरीच झालं. आजेसासरे असे डोळे वटारून बसलेले, जणू कुणी तुरीत खडे घालून आणलेत. मांडीवर एक पांढरा, धुरकट गोळा. मी मोबाइलमधल्या अ‍ॅपला सांगितलं, यांना जरा हसव आणि तेवढा गोळा साफ कर.

अ‍ॅपने केलं की! आजेसासरे खळखळून हसताहेत आणि मांडीवर गोजिरवाणं करडू. म्हटलं, असेल बुवा. लागलीच छापायला दिलं.

सकाळी फ्लेक्स लागला आणि पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "हे करडू कुणाचं?"

ठाऊक नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. "आजोबांचं लई लाडकं होतं. त्याच्याबिगर जेवत न्हवते," ठोकून दिलं मी.

तासाभरात करडाची गोष्ट मोंढाभर झाली. हमालांनी फ्लेक्सला हार घातला. गल्लीतल्या एका आजीबाईंनी आजोबांच्या कपाळाला विभूती लावली आणि डोळे पुसत करडालाही तीन बोटं ओढली.

एवढ्यात मामा आले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"जावईबापू, अप्पा का हसायलेत?"

"जुन्या फोटोत सगळेच रागीट दिसतात ना मामा, म्हणून जरा..."

"रागीट कुठले? फोटोवाला कॅमेऱ्याचं टोपण काढायचा. परत लावेस्तोवर हलायचं न्हाई, पापणी पन न्हाई. दम धरून बसलेत ते. अन् हे करडू?"

"तिथं काहीतरी धुरकट होतं."

"मी होतो तिथं," मामा म्हणाले. "नाकावर माशी बसली, हललो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या मांडीवर बसलेला एवढा एकच फोटो त्या माणसाजवळ, आणि मी त्याचं करडू करून मोंढ्यात टांगलं होतं.

मामांनी फ्लेक्सजवळ जाऊन करडाचा कान बोटाने चाचपला. मग म्हणाले, "कान मात्र माझेच हायत." आणि पोट धरून हसायला लागले.

संध्याकाळी सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. मामांनी मला ओढून शेजारी बसवलं. "बाकीचे हला, नाचा. जावईबापू, तुमी हलू नका. पुढं तुमचा जावई तुमचं काय करून ठेवंल, काय नेम?"

मी दम धरला. त्या फोटोत सगळे हसताहेत आणि मी एकटा डोळे वटारून बसलोय. मामांनी तो आडतीत अप्पांच्या जुन्या फोटोशेजारी लावलाय. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "हे दोघं सख्खे भाऊ का?"