डाव्या खिशातला चिंचोका

उंबऱ्यावर एक पाय, दुसरा पाय बाहेर पायरीवर, आणि एका दमात, "आवतान हाय, चूलबंद, सांच्याला. भांडी-बिंडी आणू नका, नुसती पोटं आणा."

एवढं सांगून झालं की ती थांबायची नाही. तुम्ही "कुणाकडं गं?" म्हणेपर्यंत ती पुढच्या दारात गेलेली असायची. मग तिथून ओरडून उत्तर द्यायची आणि ते सगळ्या आळीला ऐकू जायचं. म्हणजे पुढची चार-पाच घरं ती खरं तर उगाचच फिरायची. पण एक घर गाळायची नाही.

पोरगी माझ्या समोरच्या घरातली. हे काम तिनं धरलं तेव्हा नऊ वर्षांची होती. नाव सांगत नाही. उद्या मोठी होईल, कुणी हे वाचून दाखवलं तर फोन करून माझ्याशी भांडेल. भांडली तर बरंच आहे म्हणा.

तुमच्या गावात कसं असतं ठाऊक नाही, पण आमच्या कडेगावच्या बाजूला जेवणाचं दोनदा सांगतात. सकाळी आवतन द्यायचं. मग पानं मांडली की दुसरं बोलावणं करायचं, "चला, पंगत बसतीया." दुसरं बोलावणं आल्याशिवाय कुणी उठत नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी माणसं हातपाय धुऊन, टोप्या घालून ओट्यावर बसून राहतात. आणि सांगण्यातही फरक असतो. 'घरटी एक' म्हटलं की घरातल्या एकानं जायचं. 'चूलबंद' म्हटलं की त्या वेळेला त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जायचं. आता सगळ्यांकडं गॅस आला, पण शब्द राहिला तो चुलीचाच.

हे सांगत फिरायचं काम पूर्वी आळीतले एक आप्पा करायचे. त्यांचे गुडघे गेले. पुढं एका बारशाला सांगणारं कुणी मिळेना, तेव्हा ही मध्येच उठली. "मी जाती."

तिची आई म्हणाली, "तुला काय म्हाईत कुणाला काय सांगायचं?"

"त्यात काय? जेवाय या म्हणायचं. भांडाय थोडंच बोलवायचंय?"

पहिल्याच फेरीत दोन घरं राहिली, आणि त्यातलं एक तिचं स्वतःचं. आई बिचारी लुगडं बदलून ओट्यावर वाट बघत बसलेली आणि ही तिकडं पंगतीत दुसरा लाडू मागत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. एका मुठीत चिंचोके, दुसऱ्या हातात झगा. माझ्याकडं शिलाई मशीन आहे, आळीतली फाटकीतुटकी कापडं माझ्याकडंच येतात.

"आक्का, ह्येला खिसं लावून द्या. दोन." आळीत सगळे मला आक्काच म्हणतात, अगदी माझ्यापेक्षा मोठे बाप्येसुद्धा. "पोरींच्या झग्याला खिसं का नसत्यात वो?"

"पोरींना ठेवायला काय असतं?" मी आपली बोलून गेले.

तिनं जरा विचार केला. "म्हंजी ठेवाय काय न्हाई म्हणून खिसं न्हाईत, का खिसं न्हाईत म्हणून ठेवाय काय न्हाई?"

मी मशीन चालवलं. डावा खिसा लाल कापडाचा केला, उजवा निळ्या. गल्लत व्हायला नको म्हणून. आळीत बत्तीस घरं, म्हणून बत्तीस चिंचोके. सकाळी सगळे डाव्या खिशात. दुसरं बोलावणं करून त्या घरची माणसं खरोखर उठून रस्त्याला लागली, की त्यांचा चिंचोका उजव्या खिशात जायचा. नुसतं 'येतो येतो' म्हणणाऱ्यांचा जायचा नाही.

आता माझं सांगते. मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुली दोन्ही सासरी, एक सांगलीला, एक पुण्याकडं. मला कुणी बोलवत नव्हतं असं नाही. पहिलं आवतन यायचं. दुसऱ्या बोलावण्याच्या वेळी मी दार लोटून आत बसायची. येणारा कडी वाजवायचा, "आक्का झोपल्या वाटतं" म्हणायचा आणि पुढं जायचा. त्यालाही बरं आणि मलाही बरं. पंगतीत गेलं की कुणीतरी विचारतंच, एकट्याच आलात? आता दुसरं कोण येणार माझ्याबरोबर? त्यापेक्षा सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्लेली काय वाईट?

ही पोरगी कडी वाजवायची नाही. मागच्या दारानं सरळ आत.

"आक्का, उठा."

"मला भूक नाही गं."

"भूक कुटं विचारली? उठा म्हणलं."

"पोट बरं नाही."

"मग नुसतं बसाय चला. तुमचं मी खाती." आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "माझी अजून अकरा घरं ऱ्हायल्यात. तितली माणसं टोप्या घालून बसल्यात. तुमी उठल्याबिगार मी हितनं हालत न्हाई. कुणाला चक्कर आली तर त्ये तुमच्यावर."

बाहेरून कुणाचा तरी आवाज आला, "अगं कुटं मेली ही बया? आतडी वाळली की आमची." ती मान न वळवता ओरडली, "आक्का उठंनात, मी काय करू?"

आता सगळ्या आळीचं जेवण माझ्यापायी अडलेलं बरं दिसतं का? मी पदर सारखा केला, चपला घातल्या. माझं मांजर मागनं निघालं, त्याला मी हाकलायला लागले, तर म्हणते, "असू द्या, त्येला बी चूलबंदच हाय." आणि मला दाखवून, अगदी डोळ्यांसमोर धरून, माझा चिंचोका निळ्या खिशात टाकला. त्या दिवशी पंगतीत मला कुणी विचारलं नाही, एकट्याच आलात का. विचारायला फुरसतच कुणाला, सगळे भुकेले होते.

तिचा एक पराक्रम अजून आळीत सांगतात. वरच्या अंगाला एक बागायतदाराचं घर आहे. त्यांचा काही नवस होता, तो औंधाला यमाईला जाऊन फेडला आणि आल्यावर जेवण घातलं. घरधन्यानं तिला चांगलं बजावून सांगितलं, "घरटी एक." आमच्या ह्या छोट्या बाईसाहेबांनी बत्तीस घरी सांगितलं, चूलबंद.

संध्याकाळी अंगण मावेना. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, माहेरपणाला आलेल्या पोरी आल्या. आचारी झारा हातात धरून बघतच राहिला. घरधनी विचारतोय, "चूलबंद कुणी सांगितलं?" आणि सगळी बोटं एकाच दिशेला. पण तिथं होतं कोण? ती सापडली माझ्या घरात, वाकळांच्या ढिगामागं. मी पंगतीतून उठून मुद्दाम घरी बघायला आले म्हणून.

"तुला घरटी एक सांगितलं होतं का नाही?"

वाकळांच्या आतून आवाज आला, "व्हय."

"मग?"

"आक्का, घरटी एक म्हणलं की कोण येतंय, तुमीच सांगा. मिशीवालं येतंय. आमच्यात मिशीवालं घरात न्हाई, म्हणून आमच्यातनं आई तरी येती. बाकीच्या बायांनी लाडू कवा खायाचा? त्यास्नी मिशा कवा फुटायच्या?"

मला हसू आवरेना, आणि पदराचा बोळा तोंडात धरून मी तशीच बसले. आमच्या घरी मालक असताना 'घरटी एक' म्हटलं की कोण जायचं, ते मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. चाळीस वर्षं लाडवाची चव मी त्यांच्या तोंडून ऐकत होते.

तिकडं मग बायांनीच पदर खोचले. कुणी घरनं बेसन आणलं, कुणी तांदूळ, पिठल्याचं पातेलं चढलं. तीन पंगती उठल्या. घरधनी धुसफुसत होता, पण त्याचीच आई बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नानंतर पयल्यांदा मी कढत कढत जेवतीया. पोरीला कुणी बोलायचं न्हाई." तरी पोरीच्या आईनं तिच्या पाठीत दोन धपाटे घातलेच. ती रडता रडता लाडू खात होती. एक हात डोळ्याला, एक तोंडाला.

त्या पळापळीत निळ्या खिशाची शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी झगा माझ्याकडं आला. मी दोन्ही खिसे उलटे केले, तर लाल खिशात एक चिंचोका. हाताळून हाताळून आरशासारखा झालेला.

"हा कुणाचा राहिला गं? बत्तीसच्या बत्तीस घरं आली होती की."

"त्यो तेहतीसावा हाय. पप्पांचा."

तिचे वडील मिलिटरीत, लांब वरती कुठंतरी. वर्षातनं एकदा यायचे, ते नेमके जेवणावळी नसतील तेव्हा.

"त्यास्नी मी दर बारीला फोनवर आवतान देती. येतो म्हणत्यात. आलं की ह्यो उजव्यात." आत्ता एसटी येईल, तशा सुरात बोलली. मी सुईत दोरा ओवत होते, तो काही ओवला जाईना. तिनं माझ्या हातातनं सुई घेतली, एका फटक्यात ओवली आणि म्हणाली, "तुमचं डोळं गेलं आक्का." मी म्हटलं, व्हय बाई.

असं तीन वर्षं चाललं. खोटं कशाला सांगू, तीन वर्षं माझं घराबाहेर पडणं त्या पोरीच्या खिशावर अवलंबून होतं. ती उंबऱ्यावर बसल्याशिवाय मी उठायची नाही, आणि मी उठल्याशिवाय ती हलायची नाही. मी तर पुढं पुढं मुद्दाम उशीर करायला लागले होते.

मग वडिलांना तिकडं क्वार्टर मिळालं. बायकामुलांना घेऊन जायचं ठरलं. तिची आई हरखून गेली, का नाही हरखणार? पोरगी फोन स्पीकरवर टाकून बापाला विचारत होती, मी ओट्यावर बसून ऐकत होते.

"पप्पा, तितं आळी हाय का?"

"बिल्डिंग हायती की. चार मजल्यांच्या."

"मग आवतान कोण देतंय?"

बाप हसला. ती हसली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बाहेर जीप उभी, सामान भरणं चाललंय, आणि ही गायब. आई हाका मारून दमली. ती घरोघर फिरत होती. आपलं सोडून एकतीस घरं. माझ्याकडं सगळ्यात शेवटी आली. तोच लाल-निळ्या खिशांचा झगा, गुडघ्याच्या वर गेलेला. उंबऱ्यावर एक पाय, दुसरा बाहेर.

"आवतान हाय, चूलबंद. आमच्या क्वार्टरवर. दिस अजून ठरला न्हाई."

"एवढ्या लांब मी कशी येणार गं?"

"आत्ता कुटं या म्हणलं? ह्ये पयलं आवतान. दुसरं बोलावणं कराय मी येती. तवर उठू नका."

मग लाल खिशात हात घालून तिनं एक चिंचोका काढला. "आमीच तिकडं चाललो, म्हणून पप्पांचा उजव्यात गेला. आता डाव्यात तुमचा."

"माझा एकटीचाच?"

"बाकीच्यांस्नी घरात माणसं हायती." आणि चिंचोका परत आत टाकून वरनं खिसा थोपटला. जीपमध्ये बसताना तिनं मागं वळून बघितलं नाही. ती कधीच बघायची नाही, पुढचं घर असायचं ना.

सुरुवातीला आठवड्याला फोन यायचा. मग महिन्याला. मागं एकदा आला तेव्हा "आक्का, कैसी हो?" म्हणून स्वतःच खिदळली, आणि मी मांजराचं सांगेपर्यंत तिची शिकवणीची वेळ झाली. शाळा आहे, शिकवण्या आहेत. असू दे. चांगलं चाललंय तिचं.

आळीतलं आवतन आता फोनच्या ग्रुपवर येतं. जोडलेल्या हातांचं चित्र असतं, खाली लिहिलेलं असतं, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. माणसं आपापली घड्याळं बघून जातात. मागच्या महिन्यात एक वास्तुशांत होती. मी लुगडं बदलून, चपला दारात मांडून बसले. बसले ती बसलेच. दुसऱ्या दिवशी त्या घरची सून भेटली. "आक्का, जेवाय आला न्हाईसा?"

मी म्हटलं, "बोलावणं आलं नाही गं दुसरं."

"मेसेज टाकला हुता की वो," ती म्हणाली. तिचीही काय चूक?

समोरच्या घराला कुलूप आहे. पायरीवर चिंचेचा पाला साचतो, तो मी अधनंमधनं झाडून घेते. तो झगा आता तिला येत नसेल. वाढतं अंग. कुणाला दिला असेल, नाहीतर पुसायला घेतला असेल. देताना खिसे बघितले असतील का, एवढंच मनात येतं.

दिवस मावळला की मी गॅस पेटवायला जरा उशीरच करते. मांजर पायात घोटाळतं, ओरडतं. मी त्याला सांगते, थांब की जरा. आपल्याला चूलबंद सांगितलंय.