हाब्बो अरबी शिकणार होता

माझा धाकटा भाऊ हाब्बो गेली तीन वर्षं अरबी शिकायची तयारी करत होता. शिकत नव्हता, तयारी करत होता. आमच्या लेअर गावच्या बाजारात कुणी ना कुणी मला हटकायचंच, "काय गेस्के, बोलायला लागला का तुझा भाऊ?" मी म्हणायचे, "छे, अजून पेन्सिली तासतोय."

आणि खरंच तासायचा. आधी त्यानं खिडकीजवळचं टेबल फिरवलं. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा दिवा दुसऱ्या बाजूला हवा, हाताची सावली पडायला नको. मग वह्या आणल्या आणि त्यांच्या पानांवर शेवटापासून आकडे घातले. मग कान तपासून घेतले. त्या भाषेत घशातून येणारे आवाज असतात, ते नीट ऐकू आले पाहिजेत म्हणे. पुस्तकातली अरबी शिकायची की ट्यूनिसच्या लोकांच्या तोंडची, हे विचारायला त्यानं तीन ठिकाणी पत्रं पाठवली आणि तीन वेगवेगळी उत्तरं आल्यावर आठ महिने विचार केला. संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज भरून ठेवलेला, फक्त तारीख घालायची राहिलेली. नमनालाच घडाभर तेल, दुसरं काय.

पण त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. चाळीस वर्षं त्यानं समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधावर नोकरीत काढली. आमच्याकडे बांधाची पाहणी वसंतात होते, शरदात होते, उंदराचं एक बीळ दिसलं तरी चार माणसं कागद घेऊन उभी राहतात. पाणी आल्यावर फावडं शोधणारा बुडतो, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबरच पाजलेलं असतं. हाब्बोनं ते जरा जास्तच पचवलं. स्वयंपाकघराला रंग द्यायचा तर तीन महिने भिंतीकडे बघत बसणारा माणूस तो.

अरबी कशाला, तर सिरीनसाठी. त्याचा मुलगा रेंको जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला ट्यूनिसकडच्या स्फाक्स बंदरात गेला आणि तिथलाच झाला. ओल्फाशी लग्न केलं, मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना रेंको रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याला पुरायला हाब्बो तिकडे जाऊन आला, तेवढाच एकदा. आता हाब्बोला बायको नाही, मुलगा नाही. आहे ती एवढीच, समुद्रापलीकडची नात.

दर रविवारी तीन वाजता ओल्फा फोन लावायची. पूर्वी रेंको मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायचा. आता मध्ये मी, माझं शाळेतलं मोडकंतोडकं फ्रेंच घेऊन. ओल्फाला फ्रेंच येतं, पोरीला अजून नाही. हवा कशी आहे, तब्येत कशी आहे, एवढ्यावर माझी गाडी अडायची. सिरीन पडद्यावर दात दाखवायची, मांजर दाखवायची, काहीतरी भरभर बोलायची. हाब्बो हसून मान हलवायचा. पहिल्या वर्षी ती अर्धा तास बसायची. गेल्या हिवाळ्यात पाच मिनिटांवर आली. मांजर घेऊन निघून जायची आणि पडद्यावर रिकामी खुर्ची राहायची.

त्या रविवारी फोन तीन मिनिटांत संपला. मी चहा ओतला. आमच्याकडे चहा तीन कप. पुरे झाला की चमचा कपात ठेवायचा, तोवर यजमान ओतत राहतो. तीन व्हायच्या आत चमचा ठेवणं म्हणजे भांडण तरी झालंय, नाहीतर घरात कुणी आजारी आहे.

मला राहवेना. म्हटलं, "हाब्बो, तू अरबी शिकेपर्यंत त्या पोरीचं लग्न होईल."

"घाईनं केलेलं काम बांधावर टिकत नाही."

"अरे, ती काय भरती आहे का? सहा वर्षांची पोर आहे. तिला तुझं व्याकरण नकोय. जा की तिकडे, चुकीचं बोल, हसू दे तिला."

त्यानं पहिलाच कप अर्धा प्यायला होता. चमचा उचलला आणि कपात ठेवला.

मी किटली खाली ठेवली. आमचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा ह्या माणसानं तीन कप प्यायले होते. इतके दिवस मी त्याला आळशी म्हणत होते, भित्रा म्हणत होते. पाणी भलतीकडेच मुरत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यानं कप बाजूला सरकवला. मग टेबलाकडे बघतच म्हणाला, "रेंकोला पुरलं त्या दिवशी, सगळे पांगल्यावर, सिरीननं माझी बाही ओढली. काहीतरी विचारलं. मी हसलो. तिनं परत विचारलं, तेच. चार वेळा विचारलं, गेस्के. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणून."

"बरं, मग?"

"बाप पुरलेली पोर काय विचारणार? बाबा परत येणार का, हेच ना. आणि मी हो म्हणून बसलो. ते शब्द अजून कानात आहेत. अरबी आली की पहिलं तेच समजणार मला."

मी त्याची थोरली बहीण. आयुष्यभर ह्याला टोमणे मारत आले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पण माझा स्वभाव काही जात नाही. पुढच्या रविवारी फोन लागला, ओल्फा दिसली, आणि मी आठवडाभर जुळवून ठेवलेल्या फ्रेंचमध्ये थेट विचारलं, त्या दिवशी रेंकोच्या कबरीपाशी पोरीनं आजोबांना काय विचारलं होतं, तुला माहीत आहे का? हाब्बोला माझ्या तोंडून रेंकोचं नाव ऐकू आलं. "गेस्के, नको," तो म्हणाला. मी ऐकलं नाही.

ओल्फानं मागचं दार लोटून घेतलं. मग हळू, मला समजेल अशा बेतानं बोलली. तिला माहीत होतं. सिरीन दर रविवारी फोन ठेवल्यावर तेच बोलायची. मास्तरांना, शेजाऱ्यांना, मांजरालाही सांगून झालं होतं. सासऱ्यांच्या जिवाला घोर नको म्हणून ओल्फा आम्हाला काही बोलली नव्हती.

मी हाब्बोकडे वळले.

"सांग," तो म्हणाला.

"तिनं विचारलं होतं, आजोबा, तुम्ही परत याल का? बाबांचं नाही रे. तुझं. तू हो म्हणालास. ती अजून वाट बघतेय."

बाजूला त्याच्या वह्या होत्या, आकडे घातलेल्या, कोऱ्या. तीन वर्षं हा माणूस ज्या प्रश्नाच्या भीतीनं तिकडे जात नव्हता, त्या प्रश्नाचं उत्तर जाणं हेच होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ओल्फानं सिरीनला बोलावलं असावं. ती मांजर न घेता आली आणि पडद्याला नाक लावून बसली. हाब्बो पुढे सरकला. अरबीत हो कसं म्हणतात एवढं त्याला येत होतं, पण आजवर त्यानं ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्यानं ते म्हटलं. उच्चार वाईटच होता.

सिरीन हसली नाही. तिनं लगेच एकच शब्द विचारला, आणि तो ओल्फानं मला सांगायची गरज पडली नाही. कुठल्याही भाषेतलं पोर 'हो'नंतर 'कधी' हेच विचारतं.

स्वयंपाकघराच्या रंगाला तीन महिने घेणाऱ्या माझ्या भावानं दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन. सात दिवस.

तिचा विश्वास बसला नसावा. पडद्यावर बोट टेकवून ती एकेक बोट मोठ्यानं मोजायला लागली, आणि हाब्बो तिच्या मागोमाग एकेक आकडा म्हणत गेला.