जप्त केलेली काडेपेटी

धडगावच्या डोंगरात वनरक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा तापीकाठच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. "आग इझाडाले तूच भेटनी का त्यासले?" आग विझवायला मीच सापडले का, या तिच्या प्रश्नावर मी हसले, पण मनात ठरवूनच टाकले की माझ्या हद्दीत या उन्हाळ्यात एकही वणवा लागू द्यायचा नाही.

मोहाची फुले पडायची वेळ आली की इथली माणसे झाडाखालचा पाचोळा जाळतात. जमीन साफ असली की पहाटे पडलेले फूल दिसते, भराभर वेचता येते. कधी आग हातची सुटते आणि अख्खा डोंगर काळा होतो. म्हणून मी पाड्यापाड्यावर फिरून, जाळाल तर केस करीन, असा दम देत सुटले. दरीकाठच्या एका म्हातारीच्या हातात काडेपेटी दिसली, ती सरळ काढून खिशात टाकली.

"जाळायचे नाही. झाडून ढीग कर," मी म्हणाले. मोठी शहाणी मी! तिने तसेच केले.

आठेक दिवसांनी भर दुपारी शेजारच्या डोंगरावरून धूर उठला. आग कोणी लावली ते शेवटपर्यंत कळले नाही. मी दरीकडे धावले, तर म्हातारी समोरून पळत येत होती. "बाई, म्हातारा कपारीत आहे!"

मोहाच्या दिवसांत ती दोघे झाडाजवळच्या कपारीतच मुक्काम करत, आणि म्हाताऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिथे जाणारी पायवाट एका माणसापुरती, खाली सरळ कडा. त्याला उचलून आणणे आम्हा दोघींच्या आवाक्यातले नव्हते.

कपारीपाशी पोहोचले आणि थबकले. तोंडासमोरच्या सपाटीवर कमरेइतका पाचोळ्याचा ढीग होता. इथे वारा लागत नाही म्हणून तिने सगळा इथेच आणून टाकला होता, माझ्याच सांगण्यावरून. आणि आगीची रांग वाळक्या गवतातून त्याच सपाटीकडे सरकत होती. "आते काय करू वं माय!" माझ्या तोंडून निघाले.

म्हातारीने हिरव्या फांद्या तोडल्या, एक माझ्या हातात दिली. कपारीच्या तोंडापासून आम्ही ढीग रेटायला लागलो. दहा पावले जमीन उघडी केली तेव्हा माझी नखे फुटली होती. म्हाताऱ्याला टाकून जायचे नाही, एवढेच डोक्यात होते.

"आता ढिगाला इकडून काडी लाव," ती म्हणाली.

"जाळू?" मी विचारले.

"पेटी तुझ्याकडेच आहे."

त्या दिवसापासून वर्दीच्या खिशातच राहिलेली पेटी मी घाईने काढली. तिने माझे मनगट धरले. "थांब. आग जवळ आली की वारा तिच्याकडे ओढतो. थांब... आता!"

ढीग पेटला आणि ज्वाळा आमच्याकडे न येता पुढे झेपावल्या. दोन्ही आगी समोरासमोर भिडल्या आणि खायला काही उरले नाही तशा बसल्या. आत ओले फडके तोंडावर धरून म्हातारा खोकत होता. "बाई," तो म्हणाला, "आता केस कोणावर करशील?"

मला रडू कोसळले. म्हातारा वाचला म्हणून, आणि स्वतःची लाज वाटली म्हणूनही. त्याच दिवशी अहवालात लिहिले की ढीग माझ्या हुकमाने झाला आणि कपारीसमोरची आग मी लावली. साहेबांनी झापले, बदली मागून घे म्हणाले. मी मागितली नाही.

यंदा फूल पडण्याआधीच म्हातारीच्या पाड्यावर जाऊन बसले. सगळ्यांनी मिळून ठरवले: झाडाभोवती आधी माती उघडी करायची, दव असतानाच जाळायचे, एका वेळी एकच मोह, आणि चौघांनी फांद्या घेऊन उभे राहायचे. पहिल्या झाडाखाली मी तीच काडेपेटी म्हातारीपुढे धरली. तिने कानाशी हलवून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"तूच लाव," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा."