चौधरी सर आणि गुळगुळीत आलेख

चौधरी सर कुठलाही आलेख हातात आला की तो आधी उलटा धरत. सुलटा धरला की डोळा सवयीने फसतो, असं त्यांचं म्हणणं. ते अमळनेरकडच्या खेड्यातले. धुळ्यात, देवपूरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना शुद्ध मराठी बोलत, पण शंका आली की अहिराणीवर येत. "हाई खरं शे का?" एवढंच विचारत. पूर्वी एका विद्यार्थ्याने घरी बसून रचलेली रीडिंगं आणली होती आणि सरांनी भर वर्गात त्याचं कौतुक केलं होतं. ती खोटी असल्याचं मागाहून कळलं, तेव्हापासून त्यांचा कुणावर भरवसा उरला नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. विद्युतचुंबकीय लहर पत्र्याच्या पट्टीमागे कशी वळते, ते विभागातल्या एकुलत्या संगणकावर मांडायचं. संगणक प्रत्येक जागी लहरीची क्षणाक्षणाची उंची देई. तिची फेज, म्हणजे ती आपल्या हेलकाव्यात कुठवर आली, हे मात्र आपणच काढायचं. पाव आवर्तनाच्या अंतराने दोन वेळचे आकडे घेऊन मी ते काढी.

जळगावच्या परिषदेला निबंध पाठवायचा होता. माझा आलेख बघून सर म्हणाले, "फार गुळगुळीत आहे. मूळ आकडे आणा, मॅडम."

एरवी ते मला बेटा म्हणत. यांना माझा निबंधच अडवायचा आहे, असा संशय माझ्याही मनात आला. पण आकडे आणायला पाय उचलेना. एका जागी फेज एकदम अर्ध्या आवर्तनाने उडी घेत होती. प्रोग्रॅमची चूक समजून मी ती हाताने बुजवली होती.

शेवटी सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. त्या जागी लहरीची जास्तीत जास्त उंची किती, एवढंच त्यांनी विचारलं. पाहिलं तर जवळजवळ शून्य. पट्टीच्या दोन्ही कडांकडून आलेल्या लहरी तिथे एकमेकींना खोडत होत्या, आणि ते शून्य ओलांडताना फेज उलटणारच होती. उडी खरी होती.

"सांगण्यासारखं तेवढंच होतं, बेटा," सर म्हणाले, "आणि तेच तू पुसलंस."

निबंध त्या वर्षी गेला नाही. त्याचं कारण सरांनी कुणाला कळू दिलं नाही, पण पुढे माझा एकही आलेख मूळ आकड्यांशिवाय पाहिला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी शेवटचं प्रकरण सहीला नेलं. आज तरी विचारणार नाहीत, असं वाटलं होतं. त्यांनी आकडे मागितले. बाहेर मंडळी हार घेऊन खोळंबली होती आणि सर पहिल्या ओळीपासून वाचत बसले. अर्ध्या तासाने सही झाली. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता कुणी ती सही पाहिली, तर मी एवढंच सांगते की ती तपासून केलेली आहे.