टँकरच्या यादीतून गळालेलं गाव

ये गं बाई, हे पत्र वाचायला तरी मनानं माझ्याजवळ बस. भाची असलीस तरी दोन शब्द बोलणारच. पाडव्याला आलीस, आमच्या दूध सोसायटीच्या कम्प्युटरवर ॲप तयार करायच्या बिल्ड टूलची नवी आवृत्ती टाकलीस आणि मला न सांगता पुण्याला निघून गेलीस.

यंदा दुष्काळात छावण्यांतल्या जनावरांना पाणी पोचवायचं काम सोसायटीकडं. टँकर कुठं जायचा ते ड्रायव्हरच्या फोनातल्या ॲपवर दिसतं. ते ॲप मी रोज सकाळी नव्यानं तयार करते. बिल्ड टूलला एका ओळीत हुकूम द्यायचा, शेवटी पर्याय म्हणून त्या दिवशीचं गाव. आधी टँकर, मग गाव, ही आमची बोलायची रीत. हुकूमही मी तसाच शिकले.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आमच्या छावणीची होती. हौद आदल्या दिवसापासून कोरडा. मांजरसुंब्याच्या चौकातून ड्रायव्हरचा फोन आला, "मावशी, फोनात पाली गाव दाखवतंय. तुमच्याकडं येऊ का?"

ये म्हणायला काय जातंय? पण तोंडी सांगून टँकर वळवायचा न्हाई, हा ठराव मीच भांडून करून घेतला होता. वजनदार माणसं फोनवरच टँकर पळवायची ना. म्हणून म्हणाले, "अर्धा तास थांब. बदललं न्हाई तर पालीला जा."

पुन्हा हुकूम दिला. स्क्रीन म्हणते, झालं. ॲपात पालीच. तीनदा केलं, तीनदा तेच. चूक झाली म्हणून सांगितलं असतं तरी बरं, हे लई गपगुमान. बाहेर गाया हंबरत होत्या. तुझ्या काकांनी दारातून विचारलं, कावून उशीर?

मग स्क्रीनवरची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. आमचं गाव कुठंच नव्हतं. म्हणजे शेवटचा पर्याय ते वाचतच नव्हतं, आणि गाव मिळालं न्हाई की यादीतलं पहिलं धरत होतं. जुन्या आवृत्तीत तो कुठंही लिहिला तरी चालायचं. मी तो उचलून टूलच्या नावाला लागून, पुढं ठेवला आणि पुन्हा हुकूम दिला. ड्रायव्हरचा फोन आला,

"आलं, मावशी. निघालो."

हौद भरेपर्यंत मी तिथंच उभी होते. हे टूल बनवणाऱ्यांना कळवायला पायजे, नाहीतर आणखी कुणाचं गाव असंच गुपचूप गळायचं. इंग्रजी तुझं, हकिकत माझी. सणाची वाट बघू नको, येत्या रविवारीच ये.